जोखीम कुणाच्या खात्यावर?

कपड्यांच्या कंपनीत खरेदी खात्यात आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं उभी राहतात. एक, भाव पाडून घेणारा घासाघीसबहाद्दर. दुसरं, दिवाळीत ज्याच्या दारात मिठाईची आणि सुक्या मेव्याची खोकी येऊन पडतात असा भाग्यवान. दोन्ही चित्रं साफ खोटी नाहीत. पण या खात्याविषयी गेल्या वीसेक वर्षांत झालेले अभ्यास, आलेले कायदे आणि घडलेले अपघात एकत्र ठेवून पाहिले तर भाव हा या कामाचा फक्त वर दिसणारा भाग वाटू लागतो. खरा व्यवहार जोखमीचा असतो. रंग चुकला, मागणी घटली, कापूस महागला, तारीख हुकली, तर भुर्दंड कुणी सोसायचा हे खरेदी खातं ठरवतं. बहुतेक वेळा न बोलता, आणि बहुतेक वेळा तो स्वतःकडे न ठेवता.

एक साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊ. त्याला कापड लागतं, कॉलर-कफाला फ्यूझिंग, दोरा, बटणं, गळ्याचं लेबल, मापाचं लेबल, धुण्याच्या सूचनांचं लेबल, किमतीचा टॅग, घडी बसवायला पुठ्ठा, कॉलरखाली प्लास्टिकची पट्टी, पिशवी, आणि शेवटी कार्टन. प्रत्येक वस्तूचा पुरवठादार वेगळा, कमीत कमी मागणीची अट वेगळी, तयार व्हायला लागणारे दिवस वेगळे. यातली एक वस्तू आली नाही तरी शर्ट पुरा होत नाही. काही पैशांच्या लेबलापायी हजारो शर्ट फिनिशिंगच्या टेबलावर अडकून पडतात, हा या धंद्यातला नित्याचा अनुभव. तरीही खात्याचं मोठं लक्ष कापडावर असतं, कारण कपड्याच्या उत्पादनखर्चात साधारण साठ ते सत्तर टक्के वाटा एकट्या कापडाचा असतो.

आता थोडं गणित. 58 इंच पन्ह्याच्या कापडात एका शर्टाला 1.6 मीटर कापड धरलं, तर दहा हजार शर्टांना 16 हजार मीटर लागतं. दर मीटरला 150 रुपये. खरेदी अधिकाऱ्याने दोन दिवस फोनवर घालवून दर रुपयाने उतरवला तर कंपनीचे 16 हजार रुपये वाचले, साहेब खूश. पण तेच कापड 58 ऐवजी 57 इंचाचं निघालं तर सुमारे 280 मीटर जास्त लागतं, म्हणजे 42 हजार रुपये गेले. पन्हा मोजायला पट्टी आणि दहा मिनिटं पुरतात. रुपयाची घासाघीस अहवालात झळकते. इंचाचा तोटा कटिंग खात्याच्या नावावर 'वेस्टेज' म्हणून जमा होतो. या एका उदाहरणात खात्याचं निम्मं दुखणं आलं. जे मोजलं जातं ते आणि जे महाग पडतं ते, ही दोन्ही वेगळ्या रकान्यांत बसतात.

पन्ह्यासारखंच कापड आटण्याचं. कापड धुतल्यावर तीन टक्के आटणार हे आधी कळलं तर पॅटर्न तेवढा वाढवता येतो. कपडा शिवून झाल्यावर कळलं तर 40 नंबरचा शर्ट 39 चा होतो. आणि शेडचं. एकाच रंगाचे दोन लॉट डाइंगच्या दोन वेगळ्या फेऱ्यांतून आले की ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे. म्हणून लाइट बॉक्स असतो, मंजूर केलेल्या फिकट-गडद मर्यादांच्या शेड बँड असतात, आणि तरीही एका शर्टाची बाही दुसऱ्या ताक्यातून कापली गेली की सगळं मुसळ केरात. कापडाचे दोष मोजायला चार गुणांची पद्धत जगभर चालते: तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहा इंचांपर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. शंभर चौरस वारांत चाळीस गुण ही सर्वसाधारण मान्य मर्यादा. तयार मालासाठी एक्यूएलचे, म्हणजे किती सदोष नग चालतील ते ठरवणारे, तक्ते वापरतात. त्यांचं मूळ अमेरिकी लष्कराच्या महायुद्धकालीन खरेदीत आहे. येणारी प्रत्येक वस्तू तपासणं शक्य नव्हतं, म्हणून नमुन्यावरून अख्ख्या लॉटचा निवाडा करायची रीत बसवली गेली. आज दहा हजार शर्टांच्या लॉटमधून दोनशे काढतात, आणि कपड्यांच्या व्यापारात रूढ असलेल्या 2.5 या पातळीला दहा सदोष निघाले तर माल पास, अकरा निघाले तर नापास. लष्कराची ही पद्धत लहान मुलांच्या झबल्यांपर्यंत येऊन पोचली, याची गंमत वाटते.

हे सगळं शिकता येतं. अवघड आहे तो वेळ. निर्यातीच्या ऑर्डरीचं वेळापत्रक, ज्याला सगळे टीएनए म्हणतात, कागदावर फार देखणं असतं. सूत, कोरं कापड, लॅब डिप म्हणजे रंगवलेल्या कापडाचा छोटा नमुना, रंगाची मंजुरी, डाइंग, तपासणी, कटिंग, शिलाई, पॅकिंग: प्रत्येकाला आपापले दिवस नेमून दिलेले. मग परदेशातल्या डिझाइन खात्याला निळा जरा जास्त निळा वाटतो. लॅब डिप पुन्हा, कुरियर पुन्हा, मंजुरीला आणखी दोन आठवडे. जहाजाची तारीख मात्र हलत नाही. एकवीस दिवसांचं डाइंग तेरा दिवसांत करायची वेळ येते, शिलाईच्या लाइनवर रात्रपाळी लागते, आणि एवढं करूनही जमलं नाही तर माल विमानाने पाठवायचा, तोही बहुधा पुरवठादाराच्या खर्चाने. उशीर साखळीच्या एका टोकाला झाला, भरपाई दुसऱ्या टोकाने केली. मधल्या खरेदी अधिकाऱ्याचं काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ फोन करणं. समोरून ठरलेलं उत्तर येतं: "मॅडम, गाडी निघाली." गाडी निघाली याचा अर्थ ती कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या फाटकाबाहेर पडली असा घ्यायचा नसतो, हे नवशिक्यालाही महिन्याभरात कळतं.

या अनिश्चिततेवर काही कंपन्यांनी खरेदीच्याच बाजूने उपाय शोधले. इटलीच्या बेनेटनने 1970 च्या दशकात स्वेटर आधी बिनरंगी विणायचे आणि कोणता रंग खपतोय ते पाहून मग रंगवायचे, अशी पद्धत बसवली. स्पेनमधल्या झारा कंपनीने तोच विचार कापडाला लावला. कोरं कापड घेऊन ठेवायचं, रंग-छपाईचा निर्णय शक्य तितका लांबवायचा, आणि नव्या फॅशनचा माल जवळच्या स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोत शिवून घ्यायचा, मग मजुरी आशियापेक्षा जास्त पडली तरी चालेल. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही उदाहरणं डिझाइनच्या किंवा वाहतुकीच्या नावावर टाकलेली असतात. माझ्या मते ते निखळ खरेदीचे निर्णय आहेत: मीटरमागे चार पैसे जास्त देऊन वेळ विकत घेतलेला आहे, आणि न खपणाऱ्या मालाची जोखीम कमी केलेली आहे. दुसऱ्या टोकाला 1906 मध्ये कॅन्टनमध्ये सुरू होऊन पुढे हाँगकाँगला गेलेली ली अँड फंग. तिच्या भरभराटीच्या काळात तिचा स्वतःचा कारखाना नव्हता. सूत एका देशातून, विणकाम दुसऱ्यात, शिलाई तिसऱ्यात, चेन जपानी कंपनीची. अख्खी कंपनीच खरेदी खातं होती. जगभरच्या ब्रँडांनी तिचं अनुकरण केलं, मग ब्रँडांना मध्यस्थाची गरज कमी वाटू लागली, आणि 2020 मध्ये ती हाँगकाँगच्या शेअर बाजारातून बाहेर पडली.

आपल्याकडे या खात्याची घडण वेगळ्या वाटेने झाली. मुंबईच्या गिरण्यांत कापूस एका दाराने आत जायचा आणि रंगवलेलं, छापलेलं कापड दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. ते घाऊक व्यापाऱ्यांमार्फत मूळजी जेठा मार्केटसारख्या बाजारात पोचायचं. तयार कपडे करणाऱ्याला गिरणीचं नाव पाहून कापड घेता येत होतं. दर्जाची हमी त्या नावात होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि गिरण्यांचा आधीच चाललेला ऱ्हास पुढच्या दशकांत पुरा झाला. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं होतंच; ते आणखी गेलं. एका छपराखालचं काम सूत व्यापारी, सायझिंगवाला, मागवाला, प्रोसेस हाउस आणि दलाल अशा पाच-सहा जणांत विभागलं गेलं. हे तुकडे पुन्हा जोडायला कुणीतरी हवंच होतं, आणि आजचं खरेदी खातं बऱ्याच अंशी त्या गरजेतून वाढलं. त्याची एक ठसठशीत निशाणी लोअर परळला दिसते. जिथे कापड विणलं जायचं त्याच गिरण्यांच्या आवारांत काचेच्या कार्यालयांमध्ये बसून लोक आता बाहेरून कापड मागवतात.

विभागणीबरोबर जोखीमही वाटली गेली, मात्र समान नव्हे. इचलकरंजीत ज्याला 'खर्चीवाला' यंत्रमागधारक म्हणतात तो दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो. त्याची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती यावर, आणि भाव पैशांत बोलला जातो. साठ पिकाचं कापड असेल तर ठरलेल्या पैशांच्या साठपट मजुरी मीटरमागे. वीज वाढली, कामगाराची मजुरी वाढली, मागाचा सुटा भाग महागला, तरी पिकाचा दर हलवायला बैठका आणि कधी बंद करावे लागतात. मंदी आली की सर्वांत आधी त्याचे माग थांबतात. मुंबईतल्या किंवा बंगळुरूतल्या खरेदी अधिकाऱ्याला हा माणूस कधी दिसत नाही. त्याच्या यादीत व्यापाऱ्याचं नाव असतं, व्यापाऱ्याच्या वहीत खर्चीवाल्याचं.

जागतिक पातळीवर असाच मोठा बदल 1 जानेवारी 2005 ला झाला. 1974 पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. ते त्या दिवशी संपले. कोट्यांच्या काळात खरेदीदाराला ज्या देशाचा कोटा शिल्लक आहे तिथे जावं लागे. कोटे गेले आणि निवड पूर्णपणे त्याच्या हातात आली. "तुम्हाला जमत नसेल तर ढाका आहे" हे वाक्य तिरुपूरला ऐकवता येऊ लागलं, आणि ढाक्याला इथिओपियाचं नाव. त्यानंतरच्या वर्षांत अभ्यासकांनी या ताकदीचं मोजमाप करायला घेतलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत कापड आणि कपडे क्षेत्रातल्या निम्म्याहून जास्त पुरवठादारांनी सांगितलं, की उत्पादनखर्चही निघत नाही अशा दराने आपण ऑर्डरी घेतलेल्या आहेत. तोट्यात ऑर्डर का घ्यायची, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. कारखान्यातली मशीन आणि माणसं रिकामी बसवणं त्याहून महाग पडतं, आणि एकदा नकार दिला तर पुढच्या मोसमात नाव यादीतून जातं, हे उत्तर धंद्यातल्या कुणालाही विचारा.

तोट्याच्या दराने झालेल्या अशा व्यवहाराचा शेवट कुठे होतो ते 24 नोव्हेंबर 2012 ला ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्याच्या आगीत दिसलं. शंभराहून जास्त कामगार गेले. जळालेल्या मालात वॉलमार्टचे कपडे सापडले. आपल्या पुरवठादाराने परवानगी न घेता काम तिथे पोटकंत्राटाने दिलं होतं, असं त्या कंपनीने सांगितलं. ते खरं मानलं तरी प्रश्न उरतोच: दिलेल्या दरात आणि दिवसांत आपल्या पुरवठादाराला हे काम स्वतःच्या छपराखाली जमणार आहे का, हे खरेदी करताना कुणी मोजलं होतं? पाच महिन्यांनी, 24 एप्रिल 2013 ला, सावारची आठमजली राणा प्लाझा कोसळून 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्या सकाळी बंद राहिली. वरच्या कपडे कारखान्यांत कामगारांना बोलावून घेतलं गेलं.

त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या 'अकॉर्ड' कराराची चर्चा इमारतींच्या तपासणीपुरती होते. त्यातलं खरेदीविषयीचं कलम फारसं कुणी वाचत नाही. कारखाना सुरक्षित ठेवणं मालकाला परवडेल अशाच व्यापारी अटी ब्रँडांनी ठरवाव्यात, असं बंधन त्यात होतं. इमारतींच्या बाबतीत करार बऱ्याच प्रमाणात पाळला गेला: हजारो दोष नोंदले गेले, जिने, दरवाजे, विजेची जोडणी सुधारली. दराच्या बाबतीत? त्या वेळी पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात असलेले मार्क अॅनर यांनी 2018 मध्ये आकडे मांडले. राणा प्लाझानंतरच्या चार वर्षांत बांगलादेशातून अमेरिकेला जाणाऱ्या सुती पँटींचा दर सुमारे 13 टक्क्यांनी उतरला होता. सुरक्षा खात्याने एका हाताने मागितलं ते खरेदी खात्याने दुसऱ्या हाताने काढून घेतलं. दोन्ही हात एकाच कंपनीचे.

2020 च्या मार्चमध्ये तर जोखमीचा सगळा हिशोब उघड्यावर आला. दुकानं बंद झाली आणि ब्रँडांनी ऑर्डरी रद्द करायला सुरुवात केली. एकट्या बांगलादेशात रद्द किंवा स्थगित झालेल्या ऑर्डरी तीन अब्ज डॉलरच्या वर होत्या, असं तिथल्या उत्पादक संघटनेने जाहीर केलं. अॅनर यांनी त्याच महिन्यात तिथल्या तीनशेहून जास्त पुरवठादारांची पाहणी केली. रद्द झालेल्या ऑर्डरींबाबत सुमारे 72 टक्के खरेदीदारांनी आधीच विकत घेतलेल्या कच्च्या मालाचे पैसे द्यायला नकार दिला होता, आणि कटिंग-शिलाईचे पैसे नाकारणारे 91 टक्क्यांहून अधिक होते. करारांतल्या 'दैवी आपत्ती'च्या कलमावर बोट ठेवलं गेलं. कापड पुरवठादाराच्या पैशाने येतं, शिलाई त्याच्या पैशाने होते, आणि ब्रँड माल जहाजावर चढल्यानंतर साठ, नव्वद दिवसांनी पैसे देतो. म्हणजे ऑर्डर चालू असताना अख्खं भांडवल गरीब देशातल्या कारखान्याचं गुंतलेलं असतं. ही रचना साथीने निर्माण केली नाही. ती आधीपासून होती आणि खरेदी खात्यांनीच ती कलमागून कलम घालून बांधली होती. पुढे कामगार संघटनांच्या आणि ग्राहकांच्या दबावामुळे अनेक ब्रँडांनी पैसे दिले, सगळ्यांनी नाही.

परदेशी ब्रँडांना नावं ठेवणं सोपं आहे. देशी बाजारात काय चालतं? इथे रद्द करण्याचं नाव वेगळं आहे. मोठी दुकानं ब्रँडचा माल 'विकला तर ठेवू, नाही तर परत' या अटीवर घेतात. न विकलेला माल ब्रँडकडे येतो, मग ब्रँडचं खरेदी खातं पुढच्या मोसमाच्या ऑर्डरी आखडतं आणि जुनी बिलं लांबवतं. त्यात डेबिट नोट. शेड थोडी हलली, दोन दिवस उशीर झाला, कार्टनवरचा शिक्का चुकीच्या बाजूला पडला, की बिलातून रक्कम कापली जाते. पुरवठादार भांडत नाही. तो पुढच्या दरात ती रक्कम आधीच मिसळतो. मग खरेदी अधिकारी त्या फुगवलेल्या दरावर घासाघीस करतो आणि बचत दाखवतो. दोघंही आपापल्या परीने जिंकतात, कापडाचा दर्जा तेवढा हरतो.

उधारीवर सरकारने काठी उगारली ती 2023 च्या वित्त अधिनियमाने. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, ही तरतूद 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात होतीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही होतं. पण मोठ्या गिऱ्हाइकाला व्याजाची नोटीस कोण पाठवणार? आयकराच्या कलम 43बी(एच) ने तो प्रश्न बाजूला सारला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च करातून वजा होणार नाही. पुरवठादाराने तक्रार करायची गरज उरली नाही. 2024 च्या मार्चअखेरीआधी खरेदी आणि हिशोब खात्यांत एकच धावपळ उडाली आणि सुरतेसारख्या कापडबाजारांतून ओरडही झाली. भीती अशी, की खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे किंवा मध्यम उद्योगांकडे वळतील, कारण या संरक्षणात मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी येत नाहीत. हेतू चांगला होता यात वाद नाही. पण कापडाच्या साखळीत कारखाना आणि ब्रँड यांच्यामध्ये बहुधा व्यापारीच उभा असतो, हे कायदा लिहिताना नीट पाहिलेलं दिसत नाही. नोंदणी नसलेल्या खर्चीवाल्याची उधारी या काठीच्या टप्प्याबाहेरच राहिली.

दराची जोखीम कापसापासून सुरू होते. 2022 च्या मे महिन्यात कापसाची खंडी, म्हणजे 356 किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली. वर्षभरापूर्वी भाव त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. शर्टाची छापील किंमत मात्र आधीच ठरलेली असते. ही किंमत ठरवण्यातही कराच्या पायरीचा हात असतो. हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि वर 12 टक्के जीएसटी होता तोवर 999 हा आकडा बाजाराचा लाडका. 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली आणि त्यावर थेट 18 टक्के आले. खरेदी खातं अशा ठरलेल्या आकड्यापासून उलटं मोजत येतं. कर वजा, दुकानदाराचा हिस्सा वजा, सेलमधल्या सवलतीची तरतूद वजा, जाहिरात वजा; उरेल तो कापड आणि शिलाईचा दर. कापूस दुप्पट झाला तरी उरलेल्या आकड्यात फरक पडत नाही. फरक पडतो कापडाच्या वजनात: 130 ग्रॅमचं कापड 120 चं होतं, दोन प्लायचं सूत एक प्लायचं. गिऱ्हाइकाला "हल्लीचे कपडे टिकत नाहीत" एवढंच जाणवतं.

कधी जोखीम न्यायालयातून येते. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने 2011 च्या जानेवारीत तिरुपूरची सातशेहून अधिक डाइंग युनिटं बंद करायला लावली. होजियरी विकत घेणाऱ्या कंपन्यांना कापड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रंगवायला पाठवावं लागलं. नदीत काय सोडलं जातं हा प्रश्न तोवर खरेदीच्या यादीत नव्हता. रंगाचा किलोमागचा दर होता. तो दर स्वस्त का होता याचं उत्तर नदीत होतं.

अलीकडे खात्यावर आणखी एक ओझं आलं आहे, कापडाबरोबर त्याचं कुळ विकत घेण्याचं. 2016 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टार्गेट कंपनीने वेलस्पन या भारतीय कंपनीशी व्यवहार थांबवला, कारण इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस असल्याचा तिचा निष्कर्ष होता. 2020 मध्ये सेंद्रिय कापडाचं मानक ठरवणाऱ्या गॉट्स या संस्थेने भारतात सुमारे 20 हजार टन कापसाचे बनावट दाखले उघडकीला आणले आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. 21 जून 2022 पासून अमेरिकेत शिनजियांगचा कापूस असलेला माल सक्तमजुरीचाच आहे असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. आता गंमत अशी, की सूतगिरणीत दहा ठिकाणच्या गाठी एकत्र फोडून मिसळल्या जातात. तिथे शर्टातला धागा कोणत्या तालुक्यातला हे सांगणारा कागद मिळतो, पण तो कागद कितपत खरा याची हमी द्यायला पुन्हा दुसरा कागद लागतो. दाखल्यांचा, चाचण्यांचा, तपासनिसांचा खर्च जवळजवळ नेहमी पुरवठादाराने करायचा असतो. जर्मनीचा 2023 पासून लागू झालेला आणि युरोपीय संघाचा 2024 चा कायदा पुरवठा साखळीची जबाबदारी ब्रँडवर टाकू पाहतो. ती तिथेच थांबेल की सह्या घेऊन खाली ढकलली जाईल, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. प्रश्नावल्यांचे गठ्ठे ज्या वेगाने तिरुपूरला पोचतायत ते पाहता मी दुसऱ्या तटाकडे झुकतो.

खाजगी कंपन्यांपुरताच हा रोग आहे असं मानायला नको. 'एक राज्य एक गणवेश' योजनेत महाराष्ट्र शासनाने 2024-25 साठी सरकारी शाळांतल्या चाळीस लाखांहून जास्त मुलांच्या गणवेशाचं कापड केंद्रीय पद्धतीने घेतलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली. कागदावर सगळं बिनचूक: मोठी मागणी, एक रंग, एक दर, महिलांना काम. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा बहुतेक मुलं जुन्याच कपड्यांत होती, स्वातंत्र्यदिनालाही कित्येकांना गणवेश नव्हता, आणि आले त्यांतल्या अनेकांची मापं बसेनात. त्या डिसेंबरमध्ये शासनाने निर्णय फिरवून खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. कापडाचा दर एकत्र आणता येतो. मापं मात्र प्रत्येक मुलाची वेगळी आणि मोजायला गावातला शिंपीच लागतो. इकडे गणवेशाचं मोठं केंद्र म्हणून सोलापूर नावारूपाला आलंय, तिथले कारखानदार देशभरच्या शाळांना मापानुसार, तारखेनुसार माल देतात. हे ज्ञान राज्यातच होतं.

खात्यातल्या माणसाचं काय? कंपनीत मान डिझायनरला आणि ब्रँड सांभाळणाऱ्यांना. गिऱ्हाइकाशी बोलणारा मर्चंडायझर त्याखालोखाल. खरेदीवाला तिघांचंही ऐकतो. प्रलोभनं आहेत, मीटरमागे पैशांत ठरलेला टक्का, मुलाच्या अॅडमिशनची 'मदत', लग्नातलं पाकीट. कंपन्या त्यावर दर तीन वर्षांनी माणूस बदलणं, दोन सह्या, भेटवस्तूंवर बंदी, तीन कोटेशनांची सक्ती असे उपाय करतात. तीन कोटेशनं बऱ्याचदा एकाच छापखान्यातून निघालेली असतात, तो भाग सोडा. मला टक्केवाल्यापेक्षा जास्त नुकसानकारक वाटतो तो प्रामाणिक माणूस, ज्याच्या वार्षिक मूल्यमापनात 'गेल्या वर्षीपेक्षा दर किती टक्के उतरवला' हा एकच ठळक रकाना असतो. तो कुणाकडून पै घेत नाही, रात्री नऊपर्यंत बसतो, आणि कंपनीची सगळी अनिश्चितता रोज थोडी थोडी खाली ढकलत राहतो. त्याला बढतीही मिळते.

बदलाचे प्रयत्न आहेत, विखुरलेले आहेत. काही ब्रँड पुरवठादारांकडून स्वतःच्या खरेदीला निनावी गुण घेतात. अमेरिकेतल्या वकील संघटनेच्या एका गटाने 2021 मध्ये नमुना कलमं तयार केली, ज्यांत सुरक्षित काम शक्य होईल अशा दराची आणि मुदतीची जबाबदारी खरेदीदारावरही येते. ब्रिटनमध्ये किराणा मालाच्या मोठ्या दुकानांनी पुरवठादारांना कसं वागवावं यावर 2013 पासून एक स्वतंत्र पंच नेमलेला आहे. तसाच कपड्यांसाठी हवा ही मागणी तिथे जोर धरून आहे. भारतात अशी मागणी मोठ्या आवाजात कुणी केलेली नाही, आणि ती इचलकरंजी-सोलापूरहून यायला हरकत नाही. तोवर एखाद्या खरेदी प्रमुखाला स्वतःच्या टेबलावर करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. रंगमंजुरीला आपल्याकडून जितके दिवस उशीर झाला तितके दिवस माल पोचवायची तारीख आपोआप पुढे सरकेल, असं खरेदी आदेशातच लिहिणं. ऑर्डर रद्द झाली तर कापडाचे पैसे कुणी द्यायचे, हे छापील अटींच्या मागच्या पानावर न दडवता पहिल्या पानावर घालणं. आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात दराच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखणं: आपल्यामुळे किती ऑर्डरींच्या अटी वाटेत बदलल्या, आणि किती बिलं मुदतीनंतर चुकती झाली.